दिवसा घोरणाऱ्यांच्या वतीने

महाड, बिरवाडी, पोलादपूर आणि औद्योगिक वसाहतीच्या आसमंतातील समस्त जागृत नागरिकांस,



सकाळी सातच्या सुमारास, आपणांपैकी बहुतेकांचा पहिला चहा उकळत असतो, शाळकरी पोरांच्या दप्तरांची शोधाशोध चाललेली असते आणि सावित्री नदीच्या पात्रावरचे धुके अजून पुरते विरलेले नसते, तेव्हा आपल्या वसाहतीतील कारखान्यांच्या फाटकांतून तिसऱ्या पाळीची मंडळी बाहेर पडतात. कोणी कंपनीच्या बसने, कोणी मोटारसायकलीवर, कोणी रिक्षात दाटीवाटीने बसून नडगाव, बिरवाडी, महाड, पोलादपूर अशा आपापल्या मुक्कामी पोहोचतात. आणि घड्याळात नऊ वाजतात न वाजतात तोच त्या घरांच्या खिडक्यांतून एक गंभीर, खर्जातला, ठरावीक अंतराने उठणारा ध्वनी रस्त्यापर्यंत ऐकू येऊ लागतो. या ध्वनीविषयी आपल्यांत जी तक्रारीची भाषा रूढ झाली आहे तिच्याविरुद्ध ही कैफियत मी आपणांपुढे दाखल करीत आहे. घोरणे ही ऐकण्याजोगी आणि जपण्याजोगी गोष्ट आहे, आणि आपल्या मुलखात तर तिच्याइतकी शुभवार्ता दुसरा कोणताच आवाज देत नाही, असे माझे विचारान्ती झालेले मत आहे.

घोरणाऱ्याविरुद्ध समाजाने आजवर केवळ एकतर्फी निवाडे केले. फिर्यादी जागा असतो, त्याची साक्ष तिखटमिठासह तयार असते, आणि सकाळच्या चहाबरोबर ती सर्व घरापुढे सादर होते. आरोपी मात्र गुन्हा घडतेवेळी निद्रिस्त असल्याकारणाने त्याची जबानी कोणी घेत नाही. ‘मी कुठे घोरतो?’ असे तो विचारतो आणि सगळे हसतात. परंतु तो खोटे बोलत नसतो, कारण स्वतःचे घोरणे त्याने जन्मात ऐकलेले नसते. पुरुषच तेवढे घोरतात हाही एक असाच पुराव्यावाचून चालत आलेला समज आहे. ज्या घरात आजी माजघरात निजते त्या घरातील नातवंडांना विचारले असता खरी हकिगत तत्काळ कळेल. नवल याचे वाटते की लग्न जमवताना पत्रिका, गोत्र, पगार, घराणे, सातबारा यांची कसून चौकशी करणारी मंडळी या बाबीविषयी एक अक्षर विचारीत नाहीत आणि तरीही संसार सुखाचे होतात. त्यावरून मनुष्याच्या सहवासात हा ध्वनी किती सहज सामावून जातो, हे दिसून यावे.

त्याची उत्पत्तीही अत्यंत निरुपद्रवी आहे. मनुष्य जागा असतो तोवर मृदू टाळू, पडजीभ आणि जिभेचे मूळ यांना धरून ठेवणारे स्नायू ताठ असतात आणि श्वासाची वाट मोकळी राखतात. झोप लागली की ते सैल पडतात, वाट अरुंद होते, तीतून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि ते सैलावलेले मृदू भाग थरथरू लागतात. ही थरथर म्हणजे घोरणे. उताणे निजल्यास जीभ मागे सरकते म्हणून आवाज चढतो, कुशीवर वळविल्यास उतरतो. सर्दीने, मद्याने, वाढलेल्या वजनाने तो बळावतो. आता आपणच विचार करावा, की ज्या माणसाने रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंत रिॲक्टरच्या तापमानावर आणि बॉयलरच्या दाबावर नजर खिळवून ठेवली, काटा एक रेघ पुढे सरकला तरी ज्याला उठून धावावे लागले, जो डुलकी लागू नये म्हणून उभ्याने चहा प्याला, त्याच्या सर्व शरीराचा ताण सुटता सुटता अखेर घशाचाही सुटला, ही गोष्ट त्याच्या घोरण्यावाचून दुसऱ्या कोणत्या मार्गाने आपणांस कळली असती?

माझ्या भिंतीपलीकडे असा एक कामगार सहकुटुंब राहतो. घरी आल्यावर तो आधी मोरीत शिरून कारखान्याचा वास अंगावरून जाईतो आंघोळ करतो, तांदळाची भाकरी आणि रात्रीचे उरलेले कालवण खातो, खिडकीला जुनी सोलापुरी चादर अडकवितो आणि आडवा होतो. काही मिनिटे काहीच ऐकू येत नाही. मग नाकातून एक बारीक शीळ निघते, दोनतीनदा निघते आणि बंद पडते. नंतर ओठ विलग झाल्याचा हलका ‘फुस्स’. त्यानंतर एक दीर्घ शांतता, आणि त्या शांततेच्या पोटातून तो पहिला, भरदार, निःसंदिग्ध ‘खर्र’. त्याची बायको या ‘खर्र’चीच वाट पाहत असते. तो कानी पडला की तिच्या हालचाली पालटतात: मिक्सर लावायचे सोडून ती वाटण पाट्यावर घेते, कुकरऐवजी भात पातेल्यात चढविते, धाकट्याच्या पायांतले वाजणारे वाळे काढून फडताळात ठेवते, आणि टोपली घेऊन दारी येणाऱ्या कोळणीला ओठांवर बोट ठेवून ओसरीच्या टोकाशी बसविते. मग मांदेलीच्या वाट्याचा भाव ठरतो तो दोघींच्या बोटांच्या खुणांनी. घासाघीस अगदी कडाक्याची होते, कोळीण उठून जाण्याचा आविर्भावही करते, परंतु शब्द म्हणून एक उमटत नाही, आणि आतून येणारा तो खर्जाचा स्वर अखंड चालू राहतो. हे दृश्य मी माझ्या गॅलरीतून पाहतो तेव्हा मला गृहस्थाश्रमाविषयी जो आदर वाटतो, तो पुष्कळ प्रवचने ऐकूनही वाटलेला नाही.

त्या बाईला तो आवाज प्रिय का असावा, हे महाडकरांना निराळे सांगण्याची आवश्यकता नसावी. ज्या वसाहतीत रसायने आणि औषधांची द्रव्ये तयार होतात, तेथे रात्रपाळीला गेलेले माणूस सुखरूप परत येणे ही गृहीत धरण्याची गोष्ट नव्हे. त्यात वाटेचाही भरवसा नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड आणि पोलादपूर यांमधला सावित्रीवरील इंग्रजी अमदानीतला पूल पुराने वाहून नेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. बसगाड्या व त्यांतील माणसे गेली. २०२१ च्या जुलैत महापुराने महाड शहर बुडविले आणि दोन्ही तालुक्यांत दरडी कोसळल्या. तेव्हापासून पावसाळ्याच्या रात्री घरचा माणूस कामावर असला म्हणजे येथल्या किती बायका आणि किती आया अंथरुणावर नुसत्या पडून असतात, त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही, हे आपण जाणता. अशा घरांत सकाळचे घोरणे म्हणजे माणूस पोहोचल्याची पोचपावती होय. ती आल्यावर मग घरातील जागरण करणारी व्यक्तीही तासभर कलंडते, आणि कित्येकदा भिंतीपलीकडून मला एकाऐवजी दोन स्वर ऐकू येतात.

निद्रेचा विचार आपल्या तालुक्याला नवा नाही. बिरवाडीच्या बाजूने वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याने गेल्यास शिवथरची घळ लागते. समर्थ रामदासांनी कल्याणस्वामींकडून दासबोध येथेच लिहवून घेतला अशी परंपरा आहे, आणि विस्मृतीत गेलेली ही घळ १९३० साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी शोधून काढली. दासबोधाच्या अठराव्या दशकातील नववा समास हा निद्रानिरूपणाचा आहे. श्रवणाला बसलेली मंडळी कशी जांभया देतात, चुटक्या वाजवितात, डुकल्या घेतात, कोणी टेकून बसल्या जागी घोरू लागतो, कोणी उताणा पसरतो, कोणी मुरकुंडी करून निजतो, कोणी चक्राकार फिरत जातो, कोणी दात खातो, कोणाचे मुंडासे घरंगळते, आणि कोणी तर कोसळून वीणाच फोडतो, हे सारे समर्थांनी इतक्या बारकाईने नोंदविले आहे की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. या समासात केवळ झोपाळूंची निर्भर्त्सना पाहणाऱ्यांनी तो पुन्हा वाचावा, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. परमार्थाची वेळ निद्रेत दवडू नये हा समर्थांचा उपदेश स्पष्ट आहे आणि तो शिरोधार्य आहे. परंतु ज्याला माणसांविषयी ममत्व नाही तो निजलेल्यांकडे इतका वेळ पाहत राहणार नाही. लगेच पुढचा, दहावा समास श्रोत्यांच्या अवलक्षणांचा आहे. निद्रेला त्यांनी त्याच्याआधी स्वतंत्र स्थान दिले, हे मला फार सूचक वाटते. त्या श्रोत्यांत दिवसभर चिखलणी करून, नांगर सोडून आलेले कुणबी असणारच. ज्या रस्त्याने घळीकडे जावयाचे, त्याच्याच आसपास आज आपली वसाहत उभी आहे, आणि समर्थांनी वर्णिलेले एकूणएक प्रकार सकाळी सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, मुंडाशाच्या जागी हेल्मेट कल्पिले असता, जसेच्या तसे पाहावयास मिळतात.

घोरणाऱ्याला आपण उठल्यासुटल्या कुंभकर्ण म्हणतो. वाल्मीकींच्या युद्धकांडात त्याला उठविण्यासाठी शंख, नगारे आणि अंगावरून हत्ती चालविण्यापर्यंत मजल जाते, हे खरे. परंतु कुंभकर्णाची निद्रा ब्रह्मदेवाच्या शापातून आलेली होती. रात्रपाळीच्या माणसाला साजेसा पूर्वज पुराणांत दुसराच आहे, तो म्हणजे राजा मुचकुंद. मांधात्याचा हा पुत्र देवांच्या बाजूने असुरांशी दीर्घकाळ लढला, देवांचे रक्षण करण्यात त्याला निजावयास उसंत मिळाली नाही, आणि पुढे कार्तिकेयासारखा सेनापती लाभल्यावर देवांनी त्याला मुक्त करून वर मागावयास सांगितले, तेव्हा त्याने राज्य मागितले नाही की आयुष्य मागितले नाही. त्याने झोप मागितली. जो कोणी ही झोप मोडील तो भस्म होईल, अशी तजवीजही त्या वरातच होती. मग तो एका गुहेत जाऊन निजला, आणि श्रीकृष्णाचा पाठलाग करीत आलेल्या कालयवनाने त्याला लाथ मारून उठविले तेव्हा त्या कालयवनाची राख झाली. देवांना निद्रेच्या संरक्षणाची केवढी चाड होती, हे येथे दिसते. आमचा बंधू भस्म करण्याचा अधिकार मागत नाही. भंगारवाल्याने ध्वनिवर्धक बंद करून गल्लीतून जावे, एवढेच त्याचे मागणे आहे.

त्याचे हे साधे मागणे सरकारदरबारी मात्र बसत नाही. केंद्र सरकारने २००० साली केलेल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. निवासी विभागात या वेळेत ४५ डेसिबल आणि एरवी ५५ डेसिबल अशी आवाजाची मर्यादा आहे. म्हणजे ज्याची खरी रात्र सकाळी नऊला सुरू होऊन दुपारी तीनला संपते, त्याच्या वाट्याला कायद्याने रात्र म्हणून येतच नाही. याउलट १९४८ च्या कारखाने कायद्याचे ५७ वे कलम पाहावे. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीतील कामगाराची सुट्टी म्हणजे त्याची पाळी सुटल्यापासूनचे सलग २४ तास, असे त्यात ठरविले होते. ज्याने ते कलम लिहिले त्याला हे पक्के उमगले होते की या माणसाचा दिवस तारखेबरोबर बदलत नाही. दोन कायद्यांपैकी माणुसकी कोणत्यात अधिक, हे ठरविण्यास वकिलाची गरज नाही.

त्यात देहाचा धर्मही आडवा येतो. डोळ्यांत उजेड शिरला की झोप आणणारा मेलॅटोनिन नावाचा स्राव शरीर आवरते घेते, म्हणून दिवसाची झोप तुटक आणि उथळ होते, तिचे खोबरे व्हावयास एक हॉर्न पुरतो. आठवड्या-पंधरवड्याने पाळी बदलली की शरीराने जमवून आणलेले सारे पुन्हा विस्कटते. भर अकरा वाजता, सूर्य डोक्याशी येत असताना, खिडकीबाहेर रेतीचा डंपर रिकामा होत असताना जो मनुष्य मोकळ्या कंठाने घोरू शकतो, त्याने हे सर्व अडथळे पार केलेले असतात. त्याचे अभिनंदन करावे असेच ते कर्तृत्व आहे.

आता एक गोष्ट गंभीरपणे सांगणे प्राप्त आहे, कारण ज्याला आपण चांगले म्हणतो ते नीट ऐकण्याची जबाबदारीही आपणांवर येते. संथ लयीत चालणारे घोरणे हे एक, आणि मध्येच तुटणारे घोरणे हे निराळे. कित्येकांच्या बाबतीत श्वासाची वाट नुसती अरुंद न होता पुरती मिटते. आवाज बंद पडतो, छाती मात्र ओढत राहते, दहा सेकंद, कधी त्याहूनही अधिक काळ हवा आत जात नाही, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा आचका देऊन श्वास परत येतो. तासाला पाच अथवा त्याहून अधिक वेळा असे होत असेल तर तो आजार आहे. रक्तदाब वाढतो, हृदयावर भार पडतो, आणि पुरेसे तास अंथरुणात घालवूनही मनुष्य दिवसभर पेंगत राहतो. कशेडी आणि आंबेनळी घाटांच्या रस्त्यांवर टँकर चालविणाऱ्याचे पेंगणे किती जणांच्या जिवावर बेतेल, याचा हिशेब वेगळा मांडावयास नको. या आजाराची तपासणी निजलेल्या माणसाच्या श्वासाची नोंद घेऊन होते, आणि मुखवट्यातून सौम्य दाबाची हवा देऊन ती वाट उघडी ठेवण्याचा उपाय ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे मांडला, तो आज सर्वत्र वापरात आहे. परंतु पहिली तपासणी घरातच होते. घोरणे थांबले की ‘सुटलो’ म्हणून कूस पालटणाऱ्यांनी क्षणभर कान देऊन थांबावे: श्वास चालू आहे ना? कारखानदार मंडळींनी वार्षिक आरोग्य तपासणीत कान, डोळे, फुप्फुसे यांबरोबर हा प्रश्न घालावा, आणि तो कामगाराला न विचारता त्याच्या घरच्यांना विचारावा, कारण या विषयातील माहीतगार तेच आहेत.

निरोगी घोरण्याचा सोहळा पाहावयाचा असेल तर गणपतीच्या दिवसांत आपल्या कोणत्याही वाडीवरच्या घरात रात्री मुक्काम करावा. मुंबई-ठाण्याचे चाकरमानी उतरलेले असतात, खोल्या अपुऱ्या पडतात, आणि आरती, भजन, चहा, पत्ते आटोपल्यावर ओटीवर व पडवीत एका ओळीने सतरंज्या पडतात. थोरले काका आधी सुरुवात करतात; हा मान त्यांचाच, अशी वहिवाट आहे. मग वसईचे मेहुणे, मग पोलादपुराकडचे भाऊजी, मग आत्याबाई आतल्या खोलीतून. बाहेर पाऊस कौलांवर कोसळत असतो, देव्हाऱ्यातील समई तेवत असते आणि वर्षभर ज्या भावंडांत बांधावरून बोलणेचालणे नव्हते त्यांचे श्वास एकमेकांत मिसळतात. सकाळी कोण किती घोरले यावरून जे भांडण जुंपते त्यात कोणी कोणाला सोडत नाही, आणि ते भांडण झाल्यावर बांधाचा विषय काढावयास पुन्हा कोणाला धीर होत नाही. तीच गोष्ट वसाहतीच्या खोल्यांतून राहणाऱ्या परप्रांतीय बंधूंची. उत्तर प्रदेशाचा, ओडिशाचा, बिहारचा आणि आपला माणदेशचा माणूस एका खोलीत निजला असता, बंद दाराबाहेर उभे राहून कोण कुठला हे कोणी ओळखून दाखवावे.

सबब माझी आपणांस काही निश्चित विनंती आहे. सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात सत्यनारायण, बारसे, वाढदिवस यांच्या कर्ण्यांची तोंडे देवाकडे अथवा यजमानाकडे वळवावीत, गल्लीकडे नव्हे. देवाला हळू म्हटलेलेही ऐकू येते. टँकरवाल्यांनी वस्तीतून जाताना हॉर्नला विश्रांती द्यावी. बांधकाम करणाऱ्यांनी फरशी कापण्याचे यंत्र तीननंतर चालवावे. आणि आळीआळीतून एक छोटी व्यवस्था करता येण्यासारखी आहे, तिचा प्रस्ताव मी येथे ठेवतो: ज्या घरचा माणूस त्या आठवड्यात तिसऱ्या पाळीला असेल, त्या घराच्या दारावर शाळकरी पोरांची एक दगडी पाटी टांगावी आणि तीवर खडूने ‘रात्रपाळी’ एवढेच लिहावे. पाळी बदलली की पाटी पुसावी आणि ज्याची पाळी लागली त्याच्या दारी न्यावी. पोस्टमन, गॅस सिलिंडरवाला, वर्गणी मागणारी मंडळे आणि कुरिअरची मुले, सर्वांस ती वाचता येते. कडी न वाजविता पत्र दाराच्या फटीतून सरकविण्यास कोणाचीच हरकत असणार नाही.

अशी एक पाटी माझ्या शेजाऱ्याच्या दारावर, त्याच्या पत्नीच्या संमतीने, मी सोमवारपासून टांगली आहे. कोळणीने ती प्रथम वाचली आणि पुढच्या तीन घरांना स्वतःहून समजावून सांगितले. ज्या कोणाला नमुना पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य यावे. मात्र दुपारी तीननंतर.



आपला,
बिरवाडी रस्त्यावरील एक शेजारी